बत्तीसपैकी किती?

"अहो, बाथरूममध्ये चॉकलेट कोण खातं?" बायकोने बाहेरून विचारलं.

आतून उत्तर आलं नाही. उत्तर देण्यासारखी परिस्थितीच नव्हती. कवळीवाले बेसिनसमोर उभे होते, वरचे चौदा दात ब्रशच्या पेल्यात, तोंडात चॉकलेटचा तुकडा आणि डोळे मिटलेले.

"तुम्हालाच विचारतेय!"

नळ सोडल्याचा आवाज आला, मग टक् असा एक बारीक आवाज, आणि मग कवळीवाल्यांचा. "नळाचा वायसर बघत होतो गं."

"चार रविवार बघताय. एवढ्या वेळात माणूस विहीर खणून मोकळा झाला असता."

दार उघडलं. कवळीवाले बाहेर आले ते दात जागेवर आणि भांग जागेवर. खुर्चीत बसत म्हणाले, "लिही. बत्तीसपैकी एकोणीस. सुरुवातीला भाजलेल्या बदामाचा वास, मध्ये थोडं आंबट, शेवटी काहीच नाही. पाहुणा यावा आणि चहा न घेता निघून जावा, तसं."

बायकोने वही मिटून कपाटावर टाकली. "तुमचं तुम्ही लिहा. बाथरूममध्ये खायचं, तर बाथरूममध्येच लिहायचं."

कवळीवाल्यांच्या घरात एवढं मोठं भांडण अठ्ठावीस वर्षांत झालं नव्हतं. म्हणजे भांडणं दर रविवारी व्हायची, पण ती चॉकलेटवरून. वही मिटायची वेळ कधी आली नव्हती.

दातांच्या दवाखान्यामागे एक खोली होती. तिथे कवळीवाले अडतीस वर्षं कवळ्या बनवत होते. डॉक्टर तोंडात बघायचे, तोंडाचा साचा मागे पाठवायचे, आणि कवळीवाले प्लास्टर, मेण आणि गुलाबी मसाल्यातून माणसाचं हसू पुन्हा बांधून द्यायचे. काम असं, की एका वकिलाने म्हणे त्यांच्या कवळीने भर कोर्टात अक्रोड फोडला आणि समोरच्या पक्षाने तडजोड केली. वकिलाची गोष्ट ऐकीव आहे, पण एका लग्नाच्या फोटोत पुढच्या रांगेतले चारही व्याही-विहिणी हसत होते आणि त्यातले एकशे बारा दात कवळीवाल्यांच्या हातचे होते, हे मात्र खुद्द फोटोग्राफर सांगायचा.

चॉकलेटचा नाद लागला तो या कामापायीच. नवी कवळी नीट बसली का, हे बघायला बाकीचे कारागीर गिऱ्हाइकाला बिस्किट चावायला देत. बिस्किटाचा चुरा होतो, त्यातून काय कळणार? कवळीवाले चॉकलेट द्यायचे. चॉकलेटवर दातांची ओळ जशीच्या तशी उमटते. कुठला दात उंच, कुठला कामचुकार, सगळं दिसतं. मग उरलेली वडी घरी यायची. फुकट गेलेलं त्यांना बघवत नसे. एका रविवारी ते बायकोला म्हणाले, "कालच्या चॉकलेटपेक्षा हे वेगळं लागतंय." बायको म्हणाली, "काही वेगळं नाही." तिथून जे सुरू झालं ते अकरा वह्या भरून वाहिलं.

नियम ठरलेले होते. रविवारी दुपारी चार वाजता. आधी कोमट पाण्याचा घोट. मग तुकडा कानाशी धरून मोडायचा. चांगलं चॉकलेट कट्कन बोलतं, वाईट चॉकलेट कुजबुजतं. मग तीन म्हणताच दोघांनी एकदम तोंडात टाकायचं, आणि पूर्ण वितळेपर्यंत कुणी बोलायचं नाही. त्यानंतर मात्र वाटेल ते बोलायची मुभा. गुण बत्तीसपैकी, कारण दहापैकी गुण देणं कवळीवाल्यांना पटायचं नाही. "दहा दात घेऊन कुणी समाधानी झालेलं पाहिलंयस का?" ते विचारायचे.

लिहायची बायको. तिने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं लोकांचे नंबर जोडले होते. अक्षर सुबक आणि कान तिखट. वहीत कवळीवाल्यांचं मत असायचं: 'मनुका, ओलं लाकूड, दूरवर तंबाखू.' खाली तिचं: 'कपाटातला जुना स्वेटर. अकरा गुण. यांचे सव्वीस.' नाक्याजवळ एक बाई स्वतः बिया भाजून चॉकलेट बनवायची. तिने एकदा ही वही पाहिली आणि हसून हसून गल्ल्यावर डोकं टेकलं. तेव्हापासून ती दोघांची मतं उतरवून दुकानाच्या भिंतीवर चिकटवायची, आणि लोक चॉकलेट घेण्याआधी भिंत वाचायचे.

मग कवळीवाल्यांचे वरचे दात हलू लागले. बायको लेकीच्या बाळंतपणाला तीन महिने गेली होती. त्यांनी डॉक्टरांकडून सगळे काढून घेतले आणि स्वतःची कवळी स्वतः बनवली. आयुष्यातलं सर्वांत सुंदर काम! एक दात मुद्दाम किंचित वाकडा बसवला, कारण देवानेही तो वाकडाच बसवला होता. बायको परतली, निरखून बघत म्हणाली, "केस कापलेत का?" कवळीवाल्यांनी मनात स्वतःची पाठ थोपटली.

पण त्यानंतर गुण सुटले. सगळ्यालाच चोवीस, पंचवीस. चॉकलेटवाल्या बाईने नवा माल दिला, त्याला तर अठ्ठावीस. बायकोने पहिल्याच तुकड्याला तोंड वाकडं केलं. "साबण आहे हा!"

"तुला काहीही लागतं. लिही अठ्ठावीस."

आठवड्याभरात गिऱ्हाइकं वड्या परत घेऊन दुकानात आली. माल टेम्पोत साबणाच्या खोक्यांशेजारी आला होता, आणि चॉकलेट शेजाऱ्याचा वास पटकन घेतं. बाईने भिंतीवरचा कागद काढला. "काका, मनाला लावून घेऊ नका," ती म्हणाली. तेव्हाच ते मनाला लागलं.

खरं तर त्यांना कळायला हवं होतं. वरच्या कवळीने टाळू झाकली जाते. चव लागते ती बंद दाराआडून गाणं ऐकावं तशी. शेकडो गिऱ्हाइकांनी तक्रार केली होती, "जेवणाला पूर्वीची चव नाही हो." आणि कवळीवाले प्रत्येकाला म्हणाले होते, "सवय होईल." त्यांनी आपल्या कवळीची टाळू कापूनही पाहिली, पण मग ती पडू नये म्हणून जबडा इतका आवळून धरावा लागे, की शेजाऱ्याने दोन दिवस थांबून विचारलं, "आमचं काही चुकलं का?" शेवटी त्यांनी दुसरी, पूर्ण टाळूची कवळी केली, आणि रविवारी चारच्या ठोक्याला बाथरूम गाठायला सुरुवात केली.

बायकोसमोर काढून ठेवली असती तर काय बिघडलं असतं? पण इथेच गाडी अडली होती. कवळीवाले प्रत्येक पुरुष गिऱ्हाइकाला कवळी हातात देताना एक गोष्ट सांगायचे: "दात आणि आतले कपडे, दार लावून बदलायचे. बायकोसमोरसुद्धा नाही. एकदा तिने तो चेहरा पाहिला, की तिच्या डोळ्यांपुढे तोच राहतो." अडतीस वर्षं सांगितलेलं स्वतः कसं मोडणार?

वही कपाटावर गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, एक वयस्क बाई मागच्या खोलीत आल्या. त्यांनी रुमाल सोडून टेबलावर एक कवळी ठेवली. कवळीवाल्यांनी आपलं काम लगेच ओळखलं.

"सैल झाली का? लगेच बसवून देतो."

"नाही हो. परत द्यायला आलेय. आमचे हे गेले, महिना झाला."

कवळीवाल्यांनी स्टूल पुढे केलं. बाई बसल्या.

"टाकवेना हो. म्हटलं, ज्यांनी बनवली त्यांनाच द्यावी. चोवीस वर्षं वापरली त्यांनी. मी त्यांना हिच्याशिवाय कधी पाहिलंच नाही. तुम्ही सांगितलं होतं म्हणे तसं."

"हो," कवळीवाले म्हणाले.

"हॉस्पिटलात नर्सने काढून माझ्या हातात दिली. मी आत गेले, आणि वळून बाहेर आले. म्हटलं, सिस्टर, हे आमचे नाहीत, खाट चुकलीय." बाई किंचित हसल्या. "त्यानंतर तीन दिवस होते ते. बोलायचे काहीतरी. मला कळायचं नाही. त्या तोंडाचं बोलणं कधी कानावर पडलंच नव्हतं ना."

कवळीवाल्यांनी कवळी उचलून पुन्हा रुमालात गुंडाळली.

"काम मात्र चांगलं होतं तुमचं," बाई उठत म्हणाल्या. "चोवीस वर्षांत एकदाही निसटली नाही."

बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर कवळीवाल्यांना बरं वाटलं असतं.

दुपारी एक गृहस्थ नवी कवळी न्यायला आले. आरशात हसून पाहिलं, चॉकलेट चावून पाहिलं, खूश झाले. "काही सूचना?"

"घरी बायकोला दाखवा," कवळीवाले म्हणाले.

"दाखवणारच की. घातलेली ना?"

"घातलेली पण. काढलेली पण."

गृहस्थांना वाटलं, म्हातारा आता थकला.

रविवारी चार वाजता बायको वर्तमानपत्रातलं शब्दकोडं घेऊन बसली होती. कवळीवाल्यांनी कोमट पाण्याचे दोन पेले आणले, ताटलीत चॉकलेट ठेवलं, कपाटावरची वही काढून फडक्याने पुसली आणि तिच्यापुढे ठेवली.

"नळ झाला का नीट?" तिने कोड्यातून मान वर न करता विचारलं.

"नळाला काही झालंच नव्हतं."

ते तिच्यासमोर बसले. सवयीने भिंतीकडे वळले, मग पुन्हा सरळ झाले. अंगठा आत घालून त्यांनी कवळी खाली ओढली आणि ताटलीच्या कडेला ठेवली. वरचा ओठ आत गेला, नाक हनुवटीच्या भेटीला निघालं. कवळीवाल्यांनी आयुष्यात असे हजारो चेहरे पाहिले होते आणि एकालाही ते कधी घाबरले नव्हते.

बायकोने पेन्सिल खाली ठेवली. बराच वेळ पाहिलं.

"बाई गं," ती म्हणाली. "अगदी सासूबाई!"

"आईला मध्ये आणू नकोस." शब्द फुसफुसत आले, पण हे वाक्य तिला पाठच होतं.

"मी कुठे आणलं? त्या स्वतःच येऊन बसल्या." ती पदर तोंडाला लावून हसत होती. मग थांबून म्हणाली, "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. लेकीकडे तुमचा फोन आला होता ना, 'सगळं ठीक आहे' म्हणून? म्हटलं, ठीक असेल, पण दात कुठे गेले? तीस वर्षं काय मी नुसत्या तारा जोडल्या?"

"मग बोलली का नाहीस?" हे तिला त्यांच्या भुवयांवरूनच कळलं.

"तुम्हाला लपवायचं होतं. म्हटलं, हौस फिटू दे." तिने पाण्याचा घोट घेतला. "पण दार लावून चॉकलेट खायला लागलात, तेव्हा राग आला."

कवळीवाल्यांनी तुकडा कानाशी धरून मोडला. तीन म्हणताच दोघांनी तोंडात टाकला. खिडकीखालून एक सायकल गेली. चॉकलेट हळूहळू वितळत टाळूला लागलं, जिभेखाली गेलं, पुन्हा वर आलं. कवळीवाल्यांनी डोळे उघडले तेव्हा बायको त्यांच्या तोंडाकडेच बघत होती.

ते काहीतरी बोलले.

"काय? पुन्हा म्हणा."

ते पुन्हा बोलले.

"हळू म्हणा. घाई नाही." तिने कान पुढे केला, एक्स्चेंजमध्ये खराब लाइनवर करायची तसा.

तिसऱ्यांदा तिला कळलं. "लिंबाची साल?"

त्यांनी मान हलवली.

तिने जीभ टाळूवर फिरवून पाहिली, विचार केला, आणि वही उघडली. "चूक," ती म्हणाली. "पावसात भिजलेला पुठ्ठा."

कवळीवाल्यांना हसू फुटलं. हात आपोआप तोंड झाकायला निघाला, अर्ध्यावर थांबला, आणि ताटलीतला दुसरा तुकडा उचलून परत आला.