रापणीचा वाटा

शिडाची बोट भाड्याने घेतली की समुद्रही सोबत मिळतो, असं या लोकांना कोण सांगतं हो? अजून डोकं फिरतं माझं!

मी त्या बोटीची कॅप्टन. प्रेस्टन नावाच्या पाहुण्याने आठवडाभर बेटं फिरायला बोट घेतली, बोटीबरोबर मीही आले. बेक्वे बेटावर, माझ्याच गावच्या खाडीत, आम्ही नांगर टाकला होता. सकाळी किनाऱ्यावर शंख वाजला. माझ्या मामाचा शंख, म्हणजे मासे आले! कित्येक दिवस गावाच्या चुलीवर ताजा मासा चढला नव्हता, आणि आज जॅक माशांचा थवा आपणहून खाडीत शिरला होता. तोही नेमका आमच्या बोटीखाली.

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लागली की बोटींनी जागा सोडायची, आणि आवाज न करता सोडायची, हा आमचा बापजाद्यांचा नियम.

"साहेब, इथून हलायला लागेल," मी म्हटलं.

"का म्हणून? पैसे मोजलेत मी!"

"बोटीचे मोजलेत. खाडीचे नाही."

तोवर रापण टाकत मामाची होडी जवळ आली. "व्हर्निस, इंजिन नको गं बाई," तो दबक्या आवाजात म्हणाला. "शिडावर काढ."

"कळतंय मला, मामा!"

मी पुढे धावले. नांगराच्या दोराला खुणेचा तरंगता फुगा बांधून दोर सोडून द्यायचा, शीड जरा उघडायचं आणि वाऱ्यावर गुपचूप सरकायचं, बस्स. गाठ मारतच होते, तेवढ्यात मागून प्रेस्टन वैतागला, "हलायचंच आहे ना? मग हलू या की!" आणि त्या अतिशहाण्याने इंजिनाचं बटण दाबलं.

घर्रर्र! पाणी उकळल्यासारखं उसळलं आणि थवा खडकांपलीकडे पसार. रापणीत उरले चारदोन चुकार मासे.

"झालं समाधान?" वर मलाच विचारतो! मी जे ऐकवलं ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

दुपारी स्वारी मला घेऊन किनाऱ्यावर. जेवायला ताजा मासा हवा म्हणे! जनाची नाही, मनाची तरी? मामा वाळूत बसून रापणीचे दोर ओढणाऱ्यांचे वाटे घालत होता. वाटलं, आता हा प्रेस्टनला सोलून काढणार. तर मामाने बादलीतला सगळ्यात मोठा मासा उचलून त्याच्या हातावर ठेवला. पैसेही घेतले नाहीत.

"मामा, अरे, यानेच तर सगळा घोळ घातला!"

"तो परका. त्याला काय ठाऊक? खाऊ दे."

लहानपणापासूनच्या सवयीने मीही हात पुढे केला.

"दोर ओढेल त्याला वाटा," मामा वर न बघताच म्हणाला. "तू आज कुणाच्या दोराला होतीस गं?"

तो मासा संध्याकाळी मीच साफ केला, मीच तळला.

"वा! तुम्हीही घ्या ना, कॅप्टन," प्रेस्टन म्हणाला.

"त्यात माझा वाटा नाही," म्हटलं, आणि भांडी आपटत घासायला लागले.