जिन्यात अडकलेला सोफा

दवाखान्यातल्या नर्सबाईंना कुणाचं फुकट काही नको असायचं. पण कुणी टाकून दिलेली चांगली वस्तू दिसली की त्यांचा पाय पुढे पडायचा नाही. त्या दिवशी ड्यूटीवरून परतताना कचऱ्याच्या डब्याशेजारी त्यांना तिघं बसतील असा सोफा दिसला. कापडाच्या चिंध्या झालेल्या, पण बाईंनी लाकडावर टकटक केलं तर खणखणीत!

त्यांनी नवऱ्याला बोलावलं. तो आला आणि कपाळाला हात लावून उभा राहिला. "अगं, लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, यांच्या घरी पाय पसरायला जागा आहे!"

दोन हमाल आले. त्यांनी सांगितलेली मजुरी बाईंनी एका शब्दात मान्य केली; घाम गाळणाऱ्याशी घासाघीस त्यांना कधी जमलीच नाही.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर सोफा असा रुतला, की वर जाईना, खाली येईना. नवरा आणि एक हमाल वर, बाई आणि दुसरा हमाल खाली. एवढ्यात शेजारचे मास्तर भाजीची पिशवी घेऊन आले.

"वाट मिळेल का?"

"वाट नाही, बसायला जागा मिळेल," बाई म्हणाल्या आणि स्वतःच इतक्या हसल्या की कठड्याला धरून खाली बसल्या.

मास्तर खरंच बसले. मागून आलेल्या दोघी बहिणी त्यांच्या शेजारी बसल्या. बाई पदर खोचून सोफ्यावरून पलीकडे उतरल्या आणि घरात जाऊन सगळ्यांसाठी, हमालांसकट, घट्ट दुधाचा चहा केला. पाहुण्यांसाठी ठेवलेला बिस्किटांचा डबाही उघडला. अर्धी इमारत जिन्यात जमली. शेवटी तळमजल्यावरचे म्हातारे सुतारकाका वर आले. दोन कप चहा पिऊन झाल्यावर त्यांनी सोफ्याचे चारही पाय काढले, आणि सोफा सुळकन घरात!

बाईंनी त्याला जुन्या निळ्या पडद्यांचं कापड चढवलं. रविवारी नणंद आली. तिच्या घरच्या महागड्या सोफ्यावरचं प्लास्टिक अजून निघालं नव्हतं.

"वहिनी, हा उचलून आणलास?" तिने नाक मुरडलं आणि ती टेकली. मग पाय वर घेतले. दहाव्या मिनिटाला ती घोरायला लागली.

नवरा-बायको तोंडावर हात दाबून स्वयंपाकघरात पळाले.