नळी विरघळली की नाही

वस्तरा बकरीच्या मानेवरून फिरला, केस गळून पडले आणि डॉ. लीलाधर नेहेत्यांना घाम फुटला. खाली व्रण नव्हता. अशी गुळगुळीत कातडी पाहून कुठलाही सर्जन खूश होतो. फक्त पाच महिन्यांपूर्वी त्यानंच तिथं चीर दिलेली नसावी.

जळगावच्या अभिमन नावाच्या रसायनवाल्या मित्रानं त्यांना आगकाडीएवढी बारीक नळी बनवून दिली होती, विरघळणाऱ्या टाक्यांचा दोरा ज्या मसाल्याचा असतो त्याच मसाल्याची. बकरीच्या मानेतली धमनी मध्ये कापून ती बसवायची. तिच्या आधारानं शरीरानं स्वतःची शीर विणायची आणि नळीनं विरघळून जायचं. पाहुण्यानं घर बांधून द्यावं आणि चहाही न घेता निघून जावं, तसं. आधीच्या सहा नळ्या गुठळी धरून बुजल्या. सातवी चालली. आज पुण्याहून तपासणीला आलेल्या डॉ. आगाश्यांसमोर ती शीर कापून दाखवायची होती; नाही दाखवली तर धुळ्यातलं हे काम कायमचं बंद.

आगाशे शेजारच्या खोलीत हात धूत होते. ते हात फार नीट धुतात, एवढाच काय तो दिलासा.

"लोटन, ही बकरी कुणाची?"

लोटन मेडिकल कॉलेजचा शिपाई. कॉलेजला जनावरांचा गोठा नसल्यामुळे विज्ञानाची ही शाखा त्याच्या आईच्या अंगणात बांधलेली असे. त्यानं छताकडे पाहिलं. "पांढरीच शे ना, साहेब."

"आपली कुठंय?"

"घर शे. मायनं बदलाई दिन्ही."

तेवढ्यात आगाशे ओले हात वर धरून आत आले. खोटं बोलायला हाताशी वेळ नव्हता, म्हणून नेहेते खरं बोलले.

"वा!" आगाशे म्हणाले. "तुमच्याकडे पुरावाही विरघळतो वाटतं?"

जीप गावात शिरली तेव्हा लोटनची आई तानुबाई बकरीच्या गळ्यात हात टाकून ओट्यावर बसली होती.

"अक्का, दुसरी बकरी का पाठवली?"

"कापानीच व्हती ना? मंग ती काय वाईट व्हती?"

"अहो, हिच्या मानेत नळी आहे!"

"मंग? तुम्हीच बरी करी ना हिले? बरी व्हयनी. आते बरी बकरी कापाले कसाले निंघनात, डाक्टर?"

नेहेते खाली बसले. व्रणाच्या वरच्या बाजूला, डोक्याकडे, त्यांनी दोन बोटं दाबली. काही नाही. बकरीनं मान हलवली. बोटं सरकवली. तरी काही नाही. तिकडे नाडी नसेल तर ही सातवीही बुजलेली, आणि आपण एका म्हातारीशी बुजलेल्या शिरेसाठी भांडतोय. मग बोटाखाली काहीतरी ठोकलं. पुन्हा ठोकलं. सहा बकऱ्यांत कधी न लागलेली गोष्ट लागली होती.

"सर, बघा."

आगाश्यांनी बराच वेळ बोटं ठेवली. चेहरा बदलला, पण आवाज बदलू दिला नाही. "वाहतंय. पण नळी विरघळली की तशीच आहे, ते कापल्याशिवाय कसं कळणार?"

"शिरेत औषध सोडून एक्स-रे काढू."

"एक्स-रेत रक्त दिसेल, नळी नाही. नेहेते, आज कापा. काम चालू ठेवायच्या कागदावर मी आजच सही करतो."

लोटननं आईचा हात धरला. तिनं तो झटकला आणि पदर बकरीवर ओढला.

नेहेत्यांनी पेटी उघडली. आत सगळं उकळून, पुसून ठेवलेलं होतं. या क्षणासाठी त्यांनी दोन वर्षं घालवली होती, आणि क्षण शेंगांची टरफलं चघळत होता.

त्यांनी पेटी मिटली. "नाही कापत. आपोआप मरेल तेव्हा बघू."

"मग काम थांबलं म्हणून लिहितो."

"लिहा. बकरी चालू आहे, हेही लिहा."

आगाशे जीपकडे वळले, थांबले. "बाई, बकरी साधारण किती वर्षं जगते?"

"दुसऱ्यासन्या बकऱ्या माले काय ठाऊक?" तानुबाई म्हणाली. "हाई मी जित्ती शे तवलगून मरू देवाव नही."

आगाशे नेहेत्यांकडे वळले. "बाईंची तब्येत कशी आहे?"

"उत्तम," नेहेते म्हणाले. "मीच तपासतो."