मिल्टनचं बोलणं

माझी वहिनी एलोइसा माँटेव्हिडिओच्या विद्यापीठात संशोधक. माणसं यंत्र वापरताना कुठे अडखळतात ते बघायचं आणि मग यंत्र बदलायला लावायचं, हेच तिने आयुष्यभर केलं. पेन्शनच्या यंत्रापुढे एखादी म्हातारी ओशाळून म्हणाली, "मला मेलीला काही कळत नाही," की वहिनी म्हणायची, "आजी, तुम्हाला कळतं. बनवणाऱ्याला तुम्ही कळला नाहीत."

माझा भाऊ मिल्टन रेडिओवर फुटबॉलचं धावतं वर्णन करायचा. तो तिला चिडवायचा, "जगाची बटणं सरळ करतेस, आणि आपल्या न्हाणीघरातला नळ उलटा फिरतो त्याचं काय?"

"तो तुझ्या आईने बसवलाय. तूच सांग तिला."

मग मिल्टनला तो आजार झाला, ज्यात एकेक स्नायू साथ सोडत जातो. आधी हात गेले, मग जीभ. डोळे तेवढे राहिले. वहिनीने पारदर्शक प्लास्टिकच्या पाटीवर अक्षरं चिकटवली. ती पाटी दोघांच्या मध्ये धरायची आणि पलीकडून त्याची नजर कोणत्या अक्षरावर थांबते ते वाचायची. एका वाक्याला पेल्यातला माते, आमचा कडू चहा, निवून जायचा. पण दोघं हसायची.

"हे फार हळू आहे," ती मला म्हणाली. "तेल्मा, मी याच्यासाठी काहीतरी चांगलं करू शकते. मलाच येतं ते."

आणि तिने केलं. डोळ्यांच्या हालचालीवर चालणारा पडदा. दोन-चार अक्षरं टिपली की तो पुढचं वाक्य सुचवायचा आणि रेडिओच्या जुन्या टेपांवरून शिकलेल्या मिल्टनच्याच आवाजात बोलायचा. पहिल्यांदा त्यातून "आई, बस ना," आलं तेव्हा आई भिंतीला धरून उभी राहिली. इतर आजाऱ्यांकडेही ते यंत्र गेलं. परदेशातून बोलावणी आली. वहिनीचं नाव झालं.

मिल्टन मात्र गप्प होत गेला. तिने पडद्याचा कोन बदलला, अक्षरं मोठी केली, खिडकीला जाड पडदे लावले. विचारलं की यंत्र म्हणायचं, "छान आहे." पहिलंच सुचवलेलं वाक्य असायचं ते.

एका दुपारी वहिनी विद्यापीठात होती. मिल्टनची नजर पुन्हा पुन्हा कपाटावर जात होती. तिथे जुनी पाटी होती. मी ती काढली, त्याच्यापुढे धरली. मला सराव नव्हता, चुकत, पुन्हा विचारत मी वाचलं: "एलो पडद्याकडे बघते. माझ्याकडे नाही."

वहिनी आली तेव्हा मी तिला ते सांगितलं. ती पर्स खांद्यावर तशीच ठेवून उभी राहिली.

"कधीपासून?"

"मला काय माहीत, वहिनी."

"माणसांकडे बघायचा पगार घेते मी," ती म्हणाली. मग त्याच्याजवळ जाऊन तिने पडदा बंद केला आणि पाटी धरली.

पण तोवर त्याच्या डोळ्यांतही आजार उतरू लागला होता. नजर एका अक्षरावर टिकायची नाही. त्यांना फारशा दुपारी मिळाल्या नाहीत. शेवटच्या दुपारी त्याने तीनच अक्षरं दाखवली: क्यू, यू, ई. मग पापण्या मिटल्या. ती पाटी धरून बसून राहिली. तिचे हात भरून आले तेव्हा मी पाटीला खालून आधार दिला. तो पुन्हा जागा झाला नाही. न्यूमोनियाने गेला.

आमच्या स्पॅनिश भाषेत त्या तीन अक्षरांनी 'थांब' हा शब्द सुरू होतो, 'लाडके' सुरू होतो, 'तक्रार'ही.

अंत्यविधीनंतर तिचा एक विद्यार्थी चाचरत म्हणाला, "बाई, यंत्रात त्यांचं सगळं बोलणं आहे. ते बहुधा ओळखेल शब्द."

"ओळखेल. पटकन ओळखेल," वहिनी म्हणाली. "नको."

मला राहवलं नाही. "अगं, 'लाडके'च असणार. दुसरं काय म्हणेल तो तुला?"

"तेल्मा, तू तरी त्याच्या तोंडी शब्द घालू नकोस."

मी पलंगाकडे वळले. आम्ही दोघींनी मिळून त्याच्या पलंगावरच्या चादरी काढल्या, घड्या घातल्या. मग ती त्या नुसत्या गादीवर बसली आणि मी उठवेपर्यंत उठली नाही.