मेशोंनी दाखवलेलं कलकत्ता

लग्नाला दोन महिने झाल्यावर श्रीलेखा आणि अर्धेंदू बालुरघाटहून कलकत्ता बघायला आले, आणि अर्धेंदूच्या मावशीच्या घरी उतरले. हॉटेलात उतरायचा विषय अर्धेंदूने काढून पाहिला होता, पण मावशीने फोनवर रडायला सुरुवात केली तेव्हा तो विषय तिथेच मिटला.

मावशीबद्दल तक्रारीला जागाच नव्हती. अडचण होती ती मावशीच्या यजमानांची, म्हणजे मेशोंची. भवतोष मेशो नकाशे काढण्याच्या कचेरीतून निवृत्त झाले होते, आणि कलकत्त्यातल्या प्रत्येक विटेचा जन्म त्यांना ठाऊक होता. पहिल्याच सकाळी ते कानटोपी घालून, संत्र्यांची पिशवी घेऊन दारात उभे राहिले. नवी माणसं शहरात एकटी कशी फिरणार, असं त्यांचं म्हणणं पडलं.

टॅक्सीत मेशो मधोमध बसले. पाहुण्यांना खिडकी मिळायला हवी, हा त्यामागचा उदात्त विचार. श्रीलेखाने डाव्या खिडकीतून आणि अर्धेंदूने उजव्या खिडकीतून शहर पाहिलं, आणि मध्ये मेशोंचा आवाज चालू राहिला. व्हिक्टोरिया स्मारकाच्या बागेत झाडाझाडाखाली जोडपी बिलगून बसली होती. मेशोंनी या दोघांना घुमटाकडे तोंड करून उन्हात उभं केलं आणि संगमरवर कुठल्या खाणीतून आला ते सांगितलं. फोटोही तेच काढत. त्यात इमारत पायापासून कळसापर्यंत अख्खी यायची, आणि खाली कोपऱ्यात दोन ठिपके. डावा ठिपका आपण, हे श्रीलेखाने साडीच्या रंगावरून ओळखलं.

दुसरा दिवसही तसाच गेला. त्या रात्री मावशीच्या घरातल्या अरुंद पलंगावर श्रीलेखा कुजबुजली, "मी लग्न तुझ्याशी केलंय की मेशोंशी?"

"हळू बोल. ऐकलं तर लग्नाचाही इतिहास सांगतील," अर्धेंदू म्हणाला. मग दोघांनी मिळून उद्याची डोकेदुखी ठरवली.

सकाळी श्रीलेखा कपाळाला बाम चोपडून पडून राहिली. पण मेशो काही कच्चे नव्हते. बाहेर जायचं रद्द करून ते खुर्ची ओढून तिच्या उशाशीच बसले आणि राहिलेलं शहर तोंडी सांगायची तयारी करू लागले. आता खरंच डोकं दुखणार, हे ओळखून अर्धेंदू घाईने म्हणाला की तारांगणाची तिकिटं काढून झाली आहेत, ती फुकट जातील, तर मावशीला घेऊन जा ना.

मावशीने आधी नाहीच म्हटलं. मासे साफ करायचेत, कपडे वाळत घालायचेत, आकाशातले तारे काय गच्चीवरूनही दिसतात. एवढं बोलून ती आत गेली आणि चहा निवायच्या आत तांबड्या काठाची टांगाईल साडी नेसून, तोंडाला पावडर लावून बाहेर आली. श्रीलेखाने एक डोळा किलकिला करून पाहिलं. मावशी सुरेख दिसत होती.

ते दोघं गल्लीच्या वळणाआड जाताच श्रीलेखाने कपाळ धुतलं. मग दोघं नुसती भटकली. ट्रामच्या एकाच बाकड्यावर चिकटून बसली, पुचका, म्हणजे तिथली पाणीपुरी, खाऊन डोळ्यांत पाणी आणलं, कुठलीही इमारत कोणी बांधली ते विचारलं नाही. दुपार कलल्यावर नदी ओलांडायला म्हणून दोघं धक्क्यावर आली आणि बोटीच्या रांगेत उभी राहिली. अर्धेंदूने तिचा हात हातात घेतला होता.

तेवढ्यात रांगेतली पुढची कानटोपी मागे वळली.

मेशोंच्या हातात शेंगदाण्याची पुडी होती. शेजारी मावशी होती. श्रीलेखाचा हात आपोआप कपाळाकडे गेला.

"डोकं कसं आहे?" मेशोंनी विचारलं. आवाज थंड होता.

"आता बरंय," ती पुटपुटली. "तारांगण कसं होतं?"

मेशो शेंगदाणे निरखू लागले. उत्तर मावशीने दिलं. "गेलोच नाही. मी म्हटलं, अंधारात बसायला मला घर आहे. या माणसाने अख्ख्या गावाला कलकत्ता दाखवलं, मला आज बावीस वर्षांनी बोटीत बसवतोय."

"पण यांनी खोटं सांगितलं," मेशो दुखावल्या स्वरात म्हणाले. "मी काय यांना त्रास देत होतो?"

"होय," मावशी म्हणाली. "आणि तुम्ही घरून निघालात तेव्हा शीळ घालत होतात, ते मी ऐकलं नाही का?"

मेशोंचे कान टोपीखाली लाल झाले असावेत, असं श्रीलेखाला वाटलं. तिला हसू दाबवेना. ती खाली वाकून मेशोंच्या पाया पडली, म्हणजे तोंड लपलं आणि माफीही मागून झाली. मेशोंनी डोक्यावर हात ठेवला, आणि थोड्या वेळाने पुडी पुढे केली.

बोटीत चढल्यावर मावशीने दोघांना पलीकडच्या कठड्याशी पिटाळलं. वारा बोचरा होता. हावड्याचा पूल जवळ आला तसे मेशो खाकरले, हात उचलून पुलाकडे रोखला. मावशी काहीतरी म्हणाली, आणि हात खाली आला. पुढे काय झालं ते श्रीलेखाने पाहिलं नाही, कारण अर्धेंदूने तिला आपल्या शालीत ओढून घेतलं होतं.

त्या दिवशी घरी आधी पोचली ती दोघंच. मावशी-मेशोंचा पत्ता नव्हता, म्हणून श्रीलेखाने खिचडी टाकली. दिवेलागण होऊन गेल्यावर ते आले. मावशीच्या केसांत गजरा होता. मेशो मुकाट्याने जेवले, दोनदा खिचडी मागून घेतली, आणि हात धुताना जाहीर केलं की उद्या संग्रहालय.

अर्धेंदूचा चेहरा उतरला.

"तुम्ही नाही," मेशो म्हणाले. "तुझ्या मावशीला ममी बघायचीय. तुम्ही तुमचं बघून घ्या."

श्रीलेखाने फार वाईट वाटल्यासारखं 'बरं' म्हटलं, आणि खोलीत जाऊन उशीत तोंड खुपसून पोटभर हसली.