तिसऱ्या भावाचं नाव

तिकिटावरचा मासा अर्ध्यातच तुटला होता. शेपटीवर जिबूतीच्या टपालाचा काळा शिक्का बसला होता, डोळा मात्र शाबूत होता, अजून ओला असल्यासारखा. हिर्सी वार्फा त्या डोळ्याकडे पाहत बसला. चष्मा काढून पाहिलं, लावून पाहिलं. पुस्तकात खूण म्हणून ठेवलेला लिफाफा नऊ वर्षांत पुस्तकाच्याच रंगाचा झाला होता आणि एकसष्टाव्या पानावर त्याचा पिवळट चौकोन उमटला होता. पत्र आतच होतं. उघडायची गरज नव्हती. ते त्याला पाठ होतं… पाठ करणं एवढं एकच काम त्याला आयुष्यात नीट जमलं होतं, असं तो समजत आला होता.

‘हिर्सीभाऊ, तुम्ही यंत्र घेऊन माझ्या आईकडे आला होतात. तुमच्या पुस्तकातला आईचा विलाप जावयानं मला वाचून दाखवला. तो सगळा नाही. आई त्यात तिच्या तीन भावांची नावं घ्यायची. एरवी कधीच घेत नसे, फक्त त्या गाण्यात. माझं लग्न पंधराव्या वर्षी झालं, मी इतक्या लांब आले. मला चाल आठवते, नावं आठवत नाहीत. पुस्तकात जहाजं आहेत. आईनं जन्मात समुद्र पाहिला नव्हता. नावं तेवढी कळवा. — बर्नी, अनब दुआलेची मुलगी.’

आईनं जन्मात समुद्र पाहिला नव्हता. पत्र आलं तेव्हा तो निर्वासितांच्या छावणीत होता, आणि उत्तराला कागद नाही हे कारण खरंही होतं. मग हर्गेसाला परत येणं, छप्पर नसलेलं घर, बायकोचं आजारपण, मग तिचं जाणं… कारणं एकामागून एक येत गेली, भल्या माणसांसारखी, स्वतःहून. मी त्यांना कधी बोलावलं नाही. पण दारातून परतही पाठवलं नाही.

बाहेर ओसरीत नात घोकत होती. सात वर्षांची इक्रान, आणि तिच्यासमोर सून सुआद, तांदूळ निवडत.

“इक्रान, माझा बाप लिबान, लिबानचा बाप हिर्सी, हिर्सीचा बाप वार्फा, वार्फाचा… वार्फाचा…”

“वार्फाचा कोण? खाल्लंस नाव! पणजोबाचा बाप गिळलास, पोट दुखेल हो.”

“रागे! रागेचा बाप समतर.” मग पोर थांबली. “आई, आजोबांना भाऊ नव्हता?”

“होता की. तुझे मोठे आजोबा, हसन.”

“मग तो कुठे म्हणायचा?”

“तो नाही म्हणायचा. त्याला मूलबाळ नव्हतं ना. पुढे कोणी नसलं की नाव गळतं. चल, समतरचा बाप?”

गळतं. पिकलेल्या पानासारखं, कुणाचा दोष नसल्यासारखं. हिर्सीनं पुस्तक मिटलं. हसनचं नाव गळलं हे त्याला माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत असतं, वंशावळ अशीच असते, बापाकडून मुलाकडे जाणारी एक सरळ दोरी — तरी आज ते शब्द कानाला लागले. अनबचे तिघे भाऊ अविवाहित होते. त्यांची नावं कुठल्याच दोरीत नव्हती. ती एका बाईच्या अकरा ओळींत होती, आणि त्या अकरा ओळी…

त्र्याहत्तर साल. नवी लिपी येऊन वर्ष झालं होतं, आणि सारा देश एकदमच वाचायला शिकत होता. देश म्हणजे तेव्हाचा, उत्तर-दक्षिण मिळून एक, निळ्या झेंड्याचा. मोगादिशूच्या संस्थेनं त्याच्या हाती एक जपानी टेपरेकॉर्डर दिला आणि त्याला त्याच्याच मुलखात पाठवलं : म्हातारी माणसं मरायच्या आत त्यांच्या तोंडची कवनं गोळा करा. बुराओच्या पलीकडे, चटयांच्या झोपडीत, अनब दुआले यंत्राकडे पाठ करून बसली होती. यंत्राला तोंड दाखवणार नाही म्हणाली. मग गायली. पहाटे दरवेशांचे स्वार आले, उंटांपाशी माझे तिघे भाऊ पडले, आणि तिघांची तीन नावं, आणि मग — सगळ्यांत पुढचा घोडा मी ओळखला, त्याला मी माझ्या ओंजळीनं पाणी पाजलं होतं. घोडा माझ्या मामाचा होता.

गाणं संपल्यावर ती बराच वेळ खोकत होती. टेप चालूच होती.

दरवेश तोवर राष्ट्राचे वीर झालेले. राजधानीत त्यांच्या नेत्याचा घोड्यावरचा पुतळा, प्रत्येक वर्गात त्याचं चित्र. ते खोटं होतं असंही नाही. शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांशी वीस वर्षं ते लढलेच होते. पण उत्तरेतल्या घराघरांत म्हाताऱ्या बायका वेगळंच काही गुणगुणत, आणि ते पुस्तकात छापायचं म्हणजे… कुळाचं नाव उच्चारणंही तेव्हा गुन्हा होता. हिर्सीनं अकरा ओळी काढल्या. तिथं स्वतःच्या चार घातल्या. परदेशी जहाजं, परदेशी बंदुका. चाल तीच, अक्षराची जुळणी तीच. त्यांतली एक तर फारच छान जमली. तिचंच त्याला भय वाटतं. ‘जहाजं आली, आणि आमच्या घोड्यांनी पाणी सोडलं.’ ती रेडिओवर गेली, शाळेत गेली, मोर्चात गेली. खाली नाव अनबचं.

आणि टेप? टेपा कमी होत्या. त्याच टेपवर त्यानं नंतर एका मंत्र्याचं भाषण भरलं. खताविषयीचं होतं.

कोणी विचारलं तर तो सांगे, वरून हुकूम होता. लोक समजून मान हलवत. त्या काळात सगळंच वरून येत असे.

दहाच्या सुमाराला तो चहाच्या टपरीवर गेला, सवयीनं. लंगडा यूसुफ आणि मास्तर नालेये यांची आधीच जुंपली होती. महिनाअखेरीस मतदान होतं, आम्ही वेगळा देश आहोत की नाही यावर, आणि शहर गेले पंधरा दिवस त्यावाचून दुसरं बोलत नव्हतं.

“साठ साली पाच दिवस आपण स्वतंत्र होतो,” यूसुफ म्हणत होता. “पाच दिवसांत माणसाची सर्दी जात नाही, आणि आपण देश देऊन मोकळे झालो! पावतीसुद्धा घेतली नाही.”

“दिला नाही रे, जोडला,” मास्तर म्हणाले. “झेंड्यावरच्या ताऱ्याला टोकं पाच होती. पाच मुलुख जोडायचे होते.”

“दोन जोडले, ते उसवले. आणि उसवताना आमच्या डोक्यावर विमानं पाठवली. तू अजून ते निळं फडकं पांघरूनच झोपतोस का रे?”

“आणि तुझ्या नव्या झेंड्याला विचारतो कोण? साधं पत्र धाडायचं तर जिबूतीच्या दारात उभं राहून त्यांचं तिकीट चाटावं लागतं!”

टपरीवाला हसला. यूसुफही हसला, मग एकदम त्याचा आवाज बदलला. “मास्तर, माझी दोन मुलं त्या भिंतीखाली गेली. मला ताऱ्याची टोकं मोजायला सांगू नकोस.”

“माहीत आहे बाबा,” मास्तर हळू म्हणाले. “मी खांदा दिला होता.”

हिर्सी कपातल्या आल्याच्या तुकड्याकडे पाहत राहिला. ही दोन माणसं रोज भांडतात आणि दोघांचंही खरं आहे, आणि दोघांचंही ऐकून आपण रोज घरी जातो, दोघांनाही आपण आपल्या बाजूचे वाटतो… हे शहाणपण नाही. हा थकवाही नसेल, नुसता भित्रेपणा असेल.

“ते जाऊ दे,” मास्तर म्हणाले. “अनब काय म्हणते? जहाजं आली, आणि आमच्या घोड्यांनी पाणी सोडलं. आमच्या म्हणते. सगळ्यांच्या.”

“आमच्या म्हणजे आमच्या! जहाजं लागली बर्बेऱ्याला, तुझ्या मोगादिशूला नाही. शिक्षण खात्यातला तो टायवाला सांगत होता, नव्या पुस्तकात पहिल्या पानावर घेणार आहेत ती ओळ. विचार या बुगलेला, या पुस्तकवाल्याला. त्याचंच पुस्तक आहे.”

दोघंही त्याच्याकडे वळले. आणि हिर्सीच्या तोंडून, काहीही ठरवलेलं नसताना, निघून गेलं :

“ती ओळ अनबची नाही.”

“मग कोणाची?”

“माझी.”

यूसुफ असा हसला की त्याची काठी खाली पडली. “ऐका, ऐका! पंचवीस वर्षांनी म्हातारा कवी झाला! अरे, माझ्या शाळेच्या भिंतीवर लिहिली आहे ती, अनब दुआले म्हणून!”

मास्तर हसले नाहीत. त्यांना वाईट वाटलं. ते समजावणीच्या सुरात म्हणाले, “हिर्सी, असं बोलू नये. दुसऱ्याच्या कवनावर हक्क सांगणं म्हणजे दुसऱ्याच्या उंटावर आपला डाग उठवणं. तुला कधी ही सवय नव्हती. ऊन लागलंय का?”

“लागलं असेल,” हिर्सी म्हणाला.

घरी जाताना त्याला हसू येत होतं आणि पाय ओढत होते. उंटावर डाग. मास्तरांनी नेमकी उलटी गोष्ट पकडली. मी माझा उंट सोडला आणि त्याच्यावर तिचा डाग उठवला. आता तो माझ्याकडे परत येत नाही, कुणाला ओळखही पटत नाही. तिचा खरा उंट मी कुठे मारून टाकला ते मात्र कोणी विचारत नाही. कोणी विचारत नाही, एका बाईखेरीज.

आणि आज त्या अकरा ओळी यूसुफच्या हातात दिल्या तर? तो म्हणेल, पाहा, दरवेशांनी आमची माणसं मारली. मास्तर म्हणतील, घरातली भांडणं बाहेर काढू नका. टायवाला बहुधा मामा काढून टाकेल आणि दरवेश ठेवेल. त्या घोड्याला पाणी पाजणाऱ्या मुलीचं काय करायचं, हे कुठल्याच झेंड्याला कळणार नाही… मलाही कळलं नव्हतं.

सुआदनं भातावर मटण वाढलं, बाजूला केळं ठेवलं. “बाबा, चेहरा का उतरलाय? यूसुफचाचांनी पुन्हा टोमणे मारले?”

“नाही. मीच बोललो काहीतरी.”

“तुम्ही बोललात?” सुआद वाटी हातात घेऊन उभीच राहिली. “टपरीवर? तुम्ही?”

जेवण झाल्यावर त्यानं कागद घेतला. दार लोटून घेतलं. अकरा ओळी लिहायच्या. तेवढंच. पहिली आली, दुसरी आली. तिसरीत गुलेद होता, कोवळ्या दाढीचा. चौथीत गोद, ज्याची काठी अजून हिरवी होती. पाचवीत तिसरा… पाचवी ओळ निम्मी आली आणि थांबली. नऊ वर्षं ती तिथेच थांबत होती. हेच खरं कारण होतं, बाकीची नुसती पाहुणी. दोन नावं पाठवून तिसरं कसं वगळायचं? आठवलं की लिहू, असं म्हणत तो थांबला होता, आणि नाव म्हणजे काही उंट नव्हे की संध्याकाळी आपोआप घरी यावं.

अनबचा विलाप ग वर होता. आमच्या कवनांच्या रीतीप्रमाणे प्रत्येक ओळीत ग हवा. म्हणजे तिसरं नावही बहुधा ग चंच. गेले? गुरे? गबोबे? गबोबे बसत होतं. फारच सुंदर बसत होतं. ‘आणि गबोबे, ज्याचं हसू आधी पोचायचं…’ लेखणी कागदावर टेकलीसुद्धा. बर्नीला कसं कळणार? ती ते नाव घेईल, नातवंडांना सांगेल, तिला बरं वाटेल. एका म्हाताऱ्या बाईला बरं वाटण्यात काय पाप… आणि मग त्याला तो आनंद ओळखू आला. हातांतला तो हलकेपणा. त्र्याहत्तर साली, जहाजांच्या ओळीपाशी, बोटांना हेच वाटलं होतं. तेव्हाही भलंच करायचं होतं.

त्यानं गबोबेवर रेघ मारली नाही. कागदच बदलला.

नवीन कागदावर अकराही ओळी लिहिल्या आणि पाचवीत एक मोकळी जागा सोडली, एका नावाएवढी. खाली लिहिलं :

‘बर्नीताई, तिसरं नाव मला आठवत नाही. तुझ्या आईनं ते स्पष्ट घेतलं होतं, माझ्या यंत्रात होतं, मी पुसलं. जहाजांची ओळ माझी आहे, तुझ्या आईची नाही, तू बरोबर ओळखलंस. मला कोणी वगळायला सांगितलं नव्हतं. कोणी सांगण्याच्या आधीच मी वगळलं. मी लोकांना वेगळं सांगत आलो. ही मोकळी जागा कोणाला भरू देऊ नकोस, माझ्यासारख्याला तर नाहीच. मामाचं वाचून त्रास होईल, पण ते तसंच होतं.’

पुन्हा वाचलं. भाषा कोरडी होती. सुधारावीशी वाटली. सुधारली नाही.

चार वाजता जिबूतीच्या गाड्या सुटतात. तळावर धूळ, छपरांवर गाठोडी, बकऱ्या, भांडणं. ओळखीचा ड्रायव्हर फराह टायरवर पाय देऊन दोर आवळत होता.

“काका, तुम्ही? कुठे निघालात, मतदान चुकवून?”

“मी नाही. हे पत्र. तिकडचं तिकीट लावून पेटीत टाकशील?”

फराहनं पत्ता वाचला, ओठ हलवत. “हा टपालपेटीचा आकडा जुना आहे, काका. मधे सगळं बदललं तिकडे. बाई राहते तिथेच का अजून?”

“माहीत नाही.”

“बरं, टाकतो. नाही सापडली तर त्या मोहल्ल्यात विचारतो. पाठवणाऱ्याचं नाव नाही यावर.”

हिर्सीनं फराहच्याच पेननं मागं नाव लिहिलं, गाडीच्या गरम पत्र्यावर लिफाफा टेकून. फराहनं तो खिशात घातला, त्यावर खिशाचं बटण लावलं. गाडी खोकली, हलली, आणि पश्चिमेच्या उजाड माळाकडे वळून धुळीत गेली. छपरावरची एक बकरी बराच वेळ मागे पाहत होती.

आता हलकं वाटायला हवं होतं. तो थांबून वाट पाहत राहिला. हलकं वाटलं नाही. त्याऐवजी फराहचा प्रश्न हळूहळू आत उतरत गेला. राहते तिथेच का अजून. तिनं पत्र लिहिलं तेव्हाच तिची साठी आली असणार… म्हणजे आता… नऊ वर्षांत त्याला नाव आठवत नाही म्हणून लाज वाटली होती, ओळीची भीती वाटली होती, टेपेचं, पुस्तकाचं, स्वतःच्या अब्रूचं सगळं मनात येऊन गेलं होतं. पण ती जिवंत असेल का, हे एकदाही मनात आलं नव्हतं. एकदाही नाही.

तो तळाच्या कडेला एका रिकाम्या पिंपावर बसला. माणसं त्याला वळसा घालून जात होती. ती असू दे, तो म्हणत होता, नुसती असू दे. तिला राग येऊ दे. तिनं कुणाकडून तरी लिहवून घेऊ दे, वाटेल ते, शिव्याशाप सुद्धा, तिच्या आईच्या गळ्यानं — आणि कितीतरी वर्षांनी प्रथमच त्याला कसलीही ओळ सुचत नव्हती.