पाणबुडीतून पाहिलेलं स्थळ

चष्म्याशिवाय विमलला चार हातांपलीकडचं माणूस म्हणजे ओल्या पाटीवरचं अक्षर. आहे इतकंच कळायचं, वाचता यायचं नाही. ही गोष्ट अकोल्यात सगळ्या आळीला ठाऊक होती. फक्त मुलाकडच्यांना कळू द्यायची नाही, असा गोदावरीआत्याचा हुकूम होता. आधीचं एक स्थळ चष्मा बघून चहा निवायच्या आत उठलं होतं. तेव्हापासून भाचीच्या लग्नाचा कारभार आत्यानं स्वतःकडे घेतला होता.

"एकदा अक्षता पडू दे, मग खुशाल दुर्बीण लावून फीर," ती म्हणायची.

अठ्ठावन्न सालच्या हिवाळ्यात अमरावतीचा कमलाकांत वकील विमलला पाहायला आला. सोबत त्याची थोरली बहीण रमा. विमलनं पोहे नेऊन ठेवले. तिला दिसला तो एक पांढरा सदरा आणि त्याच्यावर काळ्या केसांचा ढग. आवाज मात्र भरदार होता. आत स्वयंपाकघरात आत्या कानाशी लागली, "राजबिंडा आहे गं!" विमलनं विश्वास ठेवला. दुसरं करणार काय?

पोहे झाल्यावर रमानंच टूम काढली. गावात प्रदर्शन भरलंय, मुलांना जरा फिरून येऊ द्या. विमलच्या वडिलांनी, हरिहर मास्तरांनी, लगेच होकार दिला आणि आत्या पहारेकऱ्यासारखी बरोबर निघाली. जाताना विमलनं चष्म्याची डबी हळूच पर्समध्ये टाकली.

प्रदर्शनात नवी पेरणीयंत्रं होती, सरकीच्या जाती मांडल्या होत्या. पण झुंबड उडाली होती ती देवमनच्या तंबूपुढे. देवमन बार्शीटाकळीचा. काही वर्षं आरमारात काढून परत आला होता आणि पत्र्याच्या नळ्या, आरसे नि सायकलची चेन जमवून त्यानं पाणबुडीचा खेळ उभा केला होता. नळीला डोळा लावला की पार तंबूच्या टोकाला निळ्या कापडाचा समुद्र हेलकावे खाताना दिसायचा आणि त्यावरून पत्र्याची छोटी जहाजं सरकत जायची. दांडा ओढला की कापडाखालून एक दिवा सरसर धावत जाई. नेम लागला तर जहाज आडवं आणि मागे रिकाम्या डब्यावर दणका! ज्या गावानं जन्मात समुद्र पाहिला नाही, त्या गावाला आणखी काय पाहिजे?

"पयले धूर दिसते," देवमन प्रत्येकाला समजावत होता. "मंग डोलकाठी, मंग अख्खं जहाज. घाई नोका करू. अन् पांढऱ्या जहाजावर लाल फुली हाय, त्याले हात लावाचा नाही. थो दवाखाना हाय."

कमलाकांतनं एक जहाज बुडवलं, एक हुकवलं आणि ऐटीत बाजूला झाला. "आता तुम्ही."

विमलनं डोळा लावला. निळ्यावर निळं, त्यावर आणखी निळं. एक पांढुरका ठिपका हलला तशी तिनं दांडा ओढला. दणका झाला.

"अवो बाई, दवाखाना बुडवला तुमी!" देवमन ओरडला. "पेशंटसगट!"

तंबू हसला. विमल चिडली नि पुन्हा दांडा ओढला. या खेपेस दिवा नुसत्याच पाण्यातून गेला. पुन्हा ओढला, तर पुन्हा दवाखाना.

"आता तं डाक्टरही गेला!"

सगळ्यात मोठ्यानं हसत होता कमलाकांत. विमलच्या कानशिलांना आग लागली. सागरगोट्यांतसुद्धा हार न मानणारी पोर ती. तिचा हात पर्सकडे गेला. आत्या मान हलवून नको नको म्हणत होती, पण ते विमलला दिसणार कसं?

चष्मा चढवून तिनं पुन्हा नळीत पाहिलं आणि समुद्र उघडला. लाटा सुट्या सुट्या झाल्या. लांब, जिथे कापड संपून राखी आभाळ लागत होतं, तिथे कापसाच्या पेळूतून सुटलेल्या धाग्याएवढा धूर होता. ती थांबली. धुराखाली डोलकाठी वर आली. ती तरीही थांबली. काळं जहाज पुरतं समोर आलं तसा तिनं दांडा ओढला. दणका! पाठोपाठ दुसरं. तिसरं तर देवमनलाही अजून दिसलं नव्हतं.

"वा वो बाई!" त्यानं टाळी वाजवली.

विमल धापा टाकत वळली आणि समोर कमलाकांत उभा. तिनं त्याला पहिल्यांदा पाहिलं. राजबिंडा वगैरे काही नव्हता. कान बाहेर आलेले, मिशी एका बाजूला जरा उतरलेली. पण हसत होता अख्ख्या तोंडानं, आणि त्या हसण्यात कुत्सितपणा नव्हता.

"म्हणजे सकाळपासून मी तुम्हाला दिसलोच नव्हतो?"

"नाही."

"आणि आता?"

"कान मोठे आहेत," विमल बोलून गेली. आत्यानं तंबूचा खांब धरला.

रमा मात्र खुदकन हसली. "लहानपणापासून आहेत!" मग जरा गंभीर होऊन तिनं विचारलं, "चष्मा नेहमीचाच का?"

"छे हो, अभ्यासानं जरा ताण..." आत्या सुरू झाली.

"नेहमीचाच," विमल म्हणाली. "शाळेत असल्यापासून."

मग कमलाकांत म्हणाला, "बरं आहे. वकिलाच्या घरात खरं बोलणारं एक तरी माणूस पाहिजेच."

"मग तुमचंही सांगा ना. काय झाकलंय?"

त्यानं मान खाजवली. "वकिली अजून काही चालत नाही. कोर्टात जाऊन बहुतेक वेळ पेपरच वाचतो."

"अरे!" रमानं त्याला कोपर मारलं. विमल खळखळून हसली.

बाहेर येऊन सगळ्यांनी गरम आलूबोंडे खाल्ले. आत्या फुगून बसली होती. दुसरा आलूबोंडा हातात आल्यावर कुठे बोलती झाली. घरी पोचल्यावर तिनं सगळी कर्मकहाणी हरिहर मास्तरांपुढे ओतली. मास्तरांनी ऐकून घेतलं आणि लेकीकडे वळले, "तुझं काय म्हणणं?"

"मला चालेल," विमल म्हणाली.

वैशाखात लग्न लागलं. कमलाकांतची वकिली मार्गी लागायला बराच काळ गेला. तोवर विमलनं अमरावतीत मुलींच्या शाळेत नोकरी धरली, आणि बडनेऱ्याला दिलेली रमा दर रविवारी भावाकडे जेवायला येऊन दोघांची भांडणं सोडवू लागली. सोडवायची कसली, बहुतेक वेळा ती विमलच्याच बाजूनं भांडायची.